पाखरू हातात घेण्याआधी

आधी पंखा बंद कर. पाखरू कुठं पडलंय ते त्यानंतर बघायचं. लागलेलं पाखरू गप पडून राहील असं आपण धरून चालतो, पण घाबरलं की ते उरलंसुरलं बळ एकवटून पुन्हा उडतं आणि फिरत्या पात्यावरच जातं. पंख्यामागोमाग खिडक्या लाव, पडदे ओढ, शेगडी विझव, मांजर दुसऱ्या खोलीत कोंड आणि पोरांना दाराबाहेर थांबव. मग पाखराकडं वळ.

बाळ, घरात पिंजरा आलाय म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते. वेळ आल्यावर सांगायला सवड नसते. आणि एक लक्षात घे, तुझी जी जोडी बाजारात लव्हबर्ड म्हणून विकतात, ती बजरीगर आहेत, ऑस्ट्रेलियातली. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, अंगानं थोडे भारी. डॉक्टरांना फोन करशील तेव्हा बजरीगर असंच सांग, कारण औषधाचा थेंब वजनावर ठरतो. बजरीगर भरतं 30 ते 40 ग्रॅम. त्याच्या अंगात रक्त असतं साधारण वजनाच्या दहाव्या हिश्शाचं, म्हणजे सगळं मिळून तीन-चार मिलिलिटर. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. लादीवर दहा-पंधरा लाल ठिपके दिसले तर आपल्याला ती किरकोळ जखम वाटते, पण पाखराचा जीव तेवढ्यात काठाला लागलेला असतो. म्हणून रक्त दिसलं की बाकी सगळं मागं टाकायचं आणि ते थांबवायचं.

नख तुटून रक्त येत असेल तर स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लॉवर, नसलं तर मैदा, चिमटीनं नखाच्या टोकावर दाबून धर. दोन-तीन मिनिटं धरून ठेव, मध्ये उचलून बघू नकोस. पंखात नवं पीस उगवत असतं तेव्हा त्याच्या दांडीत रक्त असतं. असं पीस मोडलं की थेंब थेंब गळत राहतो. तिथं मुळाशी स्वच्छ सुती कापड दाबायचं. ते पीस आपण उपटायचं नाही, ते काम डॉक्टरांचं. कातडीच्या जखमेवरही नुसतं कापड दाबायचं, पीठ तिथं भरायचं नाही.

आमच्या सासूबाई कोंबडीला काही झालं की हळद-तेल लावायच्या. त्यांनी मला पुष्कळ शिकवलं, पाखरांची माया तर त्यांचीच. पण ही एक गोष्ट मी सोडून दिली आणि तूही सोड. तेलानं पिसं चिकटतात. पिसं चिकटली की अंगाची ऊब टिकत नाही, आणि पाखरू चोचीनं पिसं साफ करताना ते सगळं पोटात घालतं. मलमांचंही तसंच. डेटॉल तर जवळही आणू नकोस. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून भोवतालचा कचरा टिपून घेतला की आपलं काम संपलं.

आता धरायचं कसं ते. दिवा मालव, खोलीत अंधूक उजेड राहू दे. अंधारात पाखरू फार पळत नाही. जुना मऊ पंचा अलगद त्याच्या अंगावर टाक आणि पंच्यासकट उचल, पंख अंगाशी मिटलेले राहतील असं. डोकं दोन बोटांमध्ये राहू दे. छातीवर मात्र बोटाचा जराही दाब पडू देऊ नकोस. हे मी पुन्हा सांगते, कारण अपघातातून वाचलेली पाखरं मायेनं घट्ट धरलेल्या हातात गेलेली मी पाहिली आहेत. आपल्या छातीखाली श्वासाचा पडदा असतो, पाखराला तो नसतो. लोहाराच्या भात्यासारखं छातीचं हाडच पुढं-मागं हलतं, तेव्हा हवा आत-बाहेर होते. ते हाड दाबून धरलं की तोंड, नाक सगळं मोकळं असूनही श्वास बंद. हातात धरून कुरवाळत बसणं म्हणजे माया नव्हे. पाखराच्या लेखी आपला हात म्हणजे शिकाऱ्याची पकड.

म्हणून लगेच खोक्यात. चपला-बुटांचं पुठ्ठ्याचं खोकं बरं. बाजूला पेन्सिलनं भोकं पाड. तळाला जुनेराची घडी घाल. वर्तमानपत्र घालू नकोस, त्यावर पाय घसरतात आणि दुखरा पाय आणखी दुखावतो. सुती चिंधीचंच वेटोळं करून मध्ये ठेव, म्हणजे तोल जाणाऱ्या पाखराला टेकायला होतं. दांडी नको. झाकण लाव आणि खोकं घरातल्या सगळ्यात शांत जागी ठेव. टीव्ही बंद. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघायचं नाही. बाहेरून कान लाव, हालचाल ऐकू येते.

ऊब ही अर्धी दवा. पाखराचं अंग आपल्यापेक्षा गरम, 41 अंशांच्या आसपास, आणि दुखणाईत झालं की ती ऊब त्याला राखता येत नाही. आपल्याकडं गळिताच्या दिवसांत पहाटे नदीवरून आणि उसातून जी ओल येते, तिनं धडधाकट माणूसही वाकळीतून बाहेर पडत नाही. बाटलीत सोसेल इतपत गरम पाणी भर, मोजा चढव आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेव. दुसरी बाजू गार राहिली पाहिजे, म्हणजे नको झालं की पाखरू आपणच सरकेल. चोच उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून लांब धरले असतील, तर ऊब जास्त झाली, बाटली काढ. पूर्वी आम्ही पिवळा बल्ब लावायचो. हल्लीच्या एलईडीला तशी ऊब नसते, आणि रात्री वीज गेली तर पिवळा बल्बही विझतो. बाटलीच बरी, तीन-चार तासांनी पाणी बदलायचं. डोक्याला मार लागला असेल तर मात्र बाटली ठेवू नकोस. काचेवर आपटलेलं, मान वाकडी केलेलं, एकच डोळा उघडणारं, झोकांड्या खाणारं पाखरू असेल तर खोलीची साधी हवा, अंधार आणि शांतता एवढंच. डोक्याला मार असताना शेक दिला तर आतली सूज वाढते.

पाणी चोचीत घालायचं नाही. सगळ्यांचा हात पहिल्यांदा तिकडंच जातो, चमचा घेतात, ड्रॉपर शोधतात. पाखराच्या जिभेच्या अगदी मागं श्वासनलिकेचं तोंड असतं. शुद्ध हरपलेल्या पाखराच्या चोचीत थेंब सोडला की तो सरळ फुप्फुसाच्या वाटेला लागतो. सावध झालं, डोळे उघडून उभं राहिलं, की उथळ वाटीत पाणी आणि राळं समोर ठेव. खाल्लं तर खाल्लं.

दूध तर नकोच. इथं हे बोलायला मला थोडं जड जातं. तात्यासाहेब कोऱ्यांनी सहकारातून उभं केलेलं हे गाव, एकीकडं साखर आणि दुसरीकडं दूध, यावर आपली घरं उभी राहिली. आजाऱ्याला दूध द्यायचं हे आपल्या हाडात मुरलंय. पण पाखरं आईचं दूध पिऊन वाढत नाहीत, दुधातली साखर पचवायची सोय त्यांच्या पोटात नसते. दूध-बिस्किट, दूध-भात, यानं जुलाब लागतात आणि अंगातलं पाणी संपतं.

माणसाची दुखण्यावरची गोळी चिमूटभरसुद्धा देऊ नकोस. आपली गिधाडं कशानं संपली आठवतं ना? जनावरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं गेली होती. एवढ्या मोठ्या पक्ष्याची ही गत, तर 30 ग्रॅमच्या जिवाचं काय सांगायचं.

मांजरानं धरलेल्या पाखराची गोष्ट वेगळीच आहे. एखादा बारीक ओरखडा दिसेल, कधी तोही दिसणार नाही, पाखरू उठून दांडीवर बसेलही. आपण म्हणतो, वाचलं बिचारं. पण मांजराच्या लाळेतले जंतू पाखराच्या रक्तात फार लवकर पसरतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेलं सापडतं. मांजराचा दात किंवा नख लागल्याचा नुसता संशय असला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्यायचं. तिथं प्रतिजैविकाला पर्याय नाही. उद्या बघू म्हणायचं नाही.

उंदरांसाठी लावलेल्या चिकट पॅडवर पाखरू अडकलं तर ओढू नकोस. पिसं आणि कातडी दोन्ही सोलून निघतात. उरलेल्या चिकट भागावर पीठ भुरभुर, म्हणजे दुसरा पंख तरी चिकटणार नाही, आणि पॅडसकट घेऊन जा. पंख किंवा पाय मोडला असेल तर काड्यांनी बांधाबांध नको. आपण बांधलेली पट्टी छातीवर आवळते किंवा हाड वाकडं बसवते. खोकं लहान असलं की पाखरू आपोआप कमी हलतं, तेवढा आधार वाटेपुरता पुरतो.

कधी कधी कुठं लागलेलं दिसत नाही, तरी पाखरू पिसं फुलवून तळाशी बसलेलं असतं. रानात दुबळं दिसणाऱ्याला शिकारी आधी उचलतो, म्हणून पाखरं दुखणं लपवतात. ज्या दिवशी ते आपल्याला दिसतं, त्या दिवशी ते जुनं झालेलं असतं. दर श्वासाला शेपटी वर-खाली होत असेल तर श्वासाचा त्रास आहे. मादी तळाशी बसून कुंथत असेल तर अंडं अडकलं असेल, आणि त्यात तासांचा हिशेब असतो. आणखी एक, नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नकोस. त्याच्या अतितापलेल्या वाफेनं पिंजऱ्यातलं पाखरू काही मिनिटांत जातं, आपल्याला साधा ठसकाही लागत नाही.

आता डॉक्टर. आपल्या भागातले पशुवैद्य म्हशी-गाईंचे जाणकार, रात्री-अपरात्री गोठ्यात येणारी माणसं. पण पाखराचं शास्त्र वेगळं. म्हणून आधी फोन करायचा आणि सरळ विचारायचं, पक्षी बघता का? नसतील बघत तर कोण बघतं ते तेच सांगतात. जनावरांच्या उपचारासाठी सरकारचा 1962 हा क्रमांक आहे. कोल्हापूर तासाभराच्या वाटेवर आहे. त्याहून मोठं काही लागलं तर पुण्याच्या रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि मुंबईत कुणी असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल. दुचाकीवरून जाताना खोकं मागं बसणाऱ्याच्या मांडीवर, वाऱ्याच्या आड. डॉक्टरांना सांगायला चार गोष्टी लिहून ने: किती वाजता झालं, कशानं झालं, किती रक्त गेलं, शेवटचं कधी खाल्लं. विष्ठेचा रंग मोबाइलवर टिपून ठेवलास तर उत्तमच.

समज पाखरू आपलं नाही, कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेलं कॉकटील ओसरीवर येऊन पडलंय. त्याच्यावरही हेच उपचार, पण आपल्या जोडीपासून वेगळ्या खोलीत, आणि बरं झालं तरी महिनाभर एकत्र नाही, त्याचा रोग आपल्या पाखरांना लागायला नको. पायात कडं असेल तर आकडे लिहून घे, कडं कापू नकोस. कॉलनीच्या ग्रुपवर फोटो टाक, पण एखादी खूण स्वतःजवळ राख. मालक म्हणवणाऱ्याला ती खूण सांगता आली पाहिजे. बरं झालं म्हणून उसाच्या फडाकडं उडवून देऊ नकोस. पिंजऱ्यात जन्मलेल्या पाखराला दाणा शोधायला कुणी शिकवलेलं नसतं.

आणि लाल चोचीचा आपला हिरवा पोपट असेल, साळुंकी असेल, घार असेल, तर ती रानाची. माझ्या माहेरी ओसरीत पोपटाचा पिंजरा होता, तेव्हा घरोघरी असायचे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं अशा पाखरांना संरक्षण आहे आणि मला ते पटतं. खोकं, ऊब, अंधार हे सगळं त्यांच्यासाठीही कर, आणि वन विभागाला 1926 वर फोन लाव. पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर उड्या मारत असेल आणि जवळ आई-बाप ओरडत असतील, तर त्याला काही झालेलं नाही. मांजर हाकल आणि लांबून लक्ष ठेव. एकाच ठिकाणी बरेच कावळे किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर मात्र हात लावायचा नाही, पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं. एरवीही पाखराला हात लावला की साबणानं हात धुवायचे, तोंडाजवळ न्यायचं नाही, पप्पी घ्यायची नाही.

डॉक्टरांकडून परत आल्यावर पिंजऱ्यातल्या दांड्या खाली आण, दाणा-पाणी तळाशी ठेव. जोडीदाराला वेगळं ठेव, पण दिसेल असं, नाहीतर दोघंही खाणं सोडतात. रोज सकाळी एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर. 35 ग्रॅमचं पाखरू 32 वर आलं तर ते कितीही चिवचिवाट करत असलं तरी पुन्हा डॉक्टर.

खोकं मात्र आजच कर. त्यात जुनेराची घडी, एक पंचा, बाटली, मोजा, कापूस, बारीक कात्री आणि कॉर्नफ्लॉवरची पुडी ठेव. पक्षी बघणारे डॉक्टर कोण ते उद्या सकाळी फोन करून विचारून घे आणि त्यांचा नंबर ठळक अक्षरात झाकणावर लिही. मला चष्म्याशिवाय वाचता यायला हवा, कारण तू कॉलेजला असशील तेव्हा घरात मीच असते.