शिलाँग : कचेरीसाठी वसलेले शहर

भूगोलाच्या पुस्तकात शिलाँग नेहमी चेरापुंजीच्या मागे राहते. पण चेरापुंजीच्या पावसामुळेच ते राजधानी झाले, हे फार जणांना माहीत नसते. खासी टेकड्यांमधली इंग्रजांची कचेरी आधी चेरापुंजीला होती. तिथला पाऊस साहेबांना सोसवेना, म्हणून १८६४ साली ती शिलाँगला आली. अंतर सुमारे ५० किलोमीटर, पण दक्षिणेकडून येणारे ढग बहुतेक पाणी चेरापुंजीच्या कड्यावरच ओततात. आपल्याकडे महाबळेश्वर आणि वाईचे जसे आहे, तसेच. १८७४ मध्ये आसाम वेगळा प्रांत झाला आणि शिलाँग त्याचे मुख्य ठाणे बनले. साहेब लोकांनी दगडी इमारती, चर्च, तळे अशी सारी हौस केली.

ही हौस १२ जून १८९७ च्या संध्याकाळी संपली. आठच्या आसपास तीव्रतेच्या भूकंपात शिलाँगमधील दगडी बांधकामे जवळजवळ सगळी कोसळली. रिचर्ड ओल्डहॅम या भूशास्त्रज्ञाने या भूकंपाचा अभ्यास केला. विज्ञानात आपण ज्या प्राथमिक आणि दुय्यम लहरी शिकतो, त्या भूकंपाच्या नोंदींमध्ये वेगळ्या ओळखणारा तो हाच!

यानंतर जी घरे उभी राहिली, ती मला या शहरातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. लाकडाचा सांगाडा, बोरूसारख्या गवताच्या कुडाच्या भिंती, त्यावर गिलावा आणि वर पत्र्याचे उतरते छप्पर. या घरांना 'आसाम पद्धतीची घरे' म्हणतात. जमीन हलली की घर लवते, कोसळत नाही. बाबांची बदली तिकडे असताना आम्ही अशाच घरात राहिलो. जोराचा पाऊस आला की पत्र्याच्या आवाजात एकमेकांचे बोलणे ऐकू येत नसे.

पण लाकडाला आगीचे भय. जुने विधानसभा भवन भूकंपांत टिकले आणि २००१ साली आगीत गेले.

२१ जानेवारी १९७२ ला मेघालय राज्य झाले आणि पुढे आसामची राजधानी दिसपूरला गेली. सैन्याचे महत्त्व मात्र तसेच राहिले. वायुसेनेच्या पूर्व विभागाचे आणि आसाम रायफल्सचे मुख्यालय इथे आहे. १९४१ साली उभारलेल्या आसाम रेजिमेंटचे केंद्रही इथेच.

शहराबाहेर सुमारे २५ किलोमीटरवर मॉफलांगची देवराई आहे. कोकणातल्या देवराईसारखाच नियम, पण जास्त कडक : पानसुद्धा बाहेर न्यायचे नाही. शहरातले पाईन वृक्ष मात्र घरांसाठी तुटत आहेत, आणि जुन्या लाकडी घरांच्या जागी चार-पाच मजली सिमेंटच्या इमारती उतारावर दाटीने उभ्या राहत आहेत. भूकंपाच्या दृष्टीने हा भाग आजही देशातल्या सर्वांत धोक्याच्या भागांत मोडतो.