परवानगी लेखी होती का?

सांगली

चि. सोनूस,


फोन केला तर तू "हो आत्या, नंतर बोलू" म्हणशील आणि विषय तिथेच राहील, म्हणून कागदावर लिहिते आहे. काल रात्री वहिनींचा फोन आला होता. शेजारच्या काकूंचा मुलगा तुमच्याच कॉलेजात आहे ना, त्याने घरी येऊन सांगितलं म्हणे, की तू निकालाच्या सर्व्हरमध्ये शिरलीस आणि वर दोघाचौघांना ते दाखवलंस. वहिनी रडत होत्या. दादाला अजून काही माहीत नाही, त्याचं बीपी तुला ठाऊक आहे. ऐकीव गोष्टीवर मी तुला दोष देणार नाही. पण एक विचारते: परवानगी होती का? आणि होती तर ती लेखी होती का?

एनमॅपने नेटवर्क चाचपायला, वायरशार्कमध्ये पॅकेट उघडून बघायला तुम्हाला शिकवतातच. कुलूप कसं फुटतं हे कळल्याशिवाय नीट बसवता येत नाही, हेही मला पटतं. लॅबच्या बंद नेटवर्कवर सर सांगतील ते खुशाल फोड. त्याच्या बाहेरचं एकही मशीन तुझं नाही. "मी नुसतं पाहिलं, काही बिघडवलं नाही" असं तू म्हणशील. आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणं एवढंही येतं. बिघडवलंच पाहिजे असं नाही. तेच लबाडीने केलं असं ठरलं तर कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझ्या मनात लबाडी नव्हती हे मला माहीत आहे, पण ते तिथे कोणाला पटवणार आहेस?

रॉबर्ट मॉरिस तुम्हाला अभ्यासाला असेलच. कॉर्नेलमध्ये शिकणारा मुलगा, वडील स्वतः अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षेच्या कामात. २ नोव्हेंबर १९८८ ला त्याने एमआयटीच्या मशीनवरून आपला वर्म, आपोआप एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरणारा प्रोग्राम, सोडला. मशीनवर आधीच एक प्रत असेल तर मागे फिरायचं, अशी सोय त्यात होती. पण कोणी खोटं सांगून त्याला परतवू नये म्हणून सातातून एकदा तरीही ठाण मांडायचं, असं त्याने लिहिलं. त्या एका आकड्याने हजारो मशीनं गुदमरली. एकही फाइल पुसली गेली नव्हती. तरी खटला उभा राहिला आणि शिक्षा झाली: ३ वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा, १०,०५० डॉलर दंड. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला, हे तू मला ऐकवशील. झाला, खरंच झाला. पण तो खटला चालू असताना त्याच्या वडिलांची झोप कशी गेली असेल, हे दादाकडे बघितलं की माझ्या डोळ्यांसमोर येतं.

आमच्या बँकेत स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांकडे असायच्या. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. मॅनेजरलासुद्धा एकट्याने आत जाता येत नसे, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नसे. तसा तुझ्या हातात एक कागद असावा, सहीशिक्क्याचा, एवढंच माझं म्हणणं आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यात कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, तेव्हा तू अकरावीत होतीस. पैसे द्यायचे की नाही, हे विचारायला एटीएमकडून येणारे निरोप चोरांनी मधेच आपल्या खोट्या स्विचकडे वळवले आणि तो 'द्या' म्हणत राहिला. २८ देशांतून पैसे काढले गेले, स्विफ्टमधून हाँगकाँगला पाठवले ते वेगळे. सगळे मिळून सुमारे ९४ कोटी. आमची बँक दुसरी, गाव दुसरं, तरी पेन्शनर मंडळी पासबुक घेऊन आमच्या काउंटरला येऊन उभी राहिली. "बाई, आमचे आहेत ना?" एवढंच विचारत होती. त्या आठवड्यात मी दादाला म्हटलं, सोनूला हे शिकू दे.

तुला पुण्याला पाठवायला तो तयार नव्हता, आणि मी का भांडले ते तुला कोणी सांगितलं नसेल. दहावीनंतर मला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला जागा मिळत होती. होस्टेलला राहावं लागेल म्हणून अण्णा नको म्हणाले, आणि आईने माझ्याकडे बघून मान खाली घातली. मग बी.कॉम., मग बँक. नोकरी चांगली झाली. पण शाखेत पहिलं लेजर पोस्टिंग मशीन आलं तेव्हा मी त्याच्या झाकणावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. आत काय चालतं ते मला कोणी शिकवलं नाही. तुला शिकवताहेत. ते तुझ्या हातून जाऊ नये, याचीच मला भीती वाटते.

फार बोलले का गं? तुला दोष दिसतो, हे देणंच आहे. डॅन कमिन्स्कीलाही दिसला होता, २००८ मध्ये, इंटरनेटवर नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसमध्ये. त्याच्या उत्तराची खूण १६ बिटांची, म्हणजे अवघ्या ६५,५३६ शक्यता. चोराला अंदाजाने गाठता येण्याजोग्या. कोणालाही भलत्याच मशीनकडे वळवता आलं असतं. त्याने तो मिरवला नाही. सॉफ्टवेअर करणाऱ्यांना गुपचूप गाठलं, एकत्र बसवलं, आणि ८ जुलैला त्यांनी एकदमच दुरुस्ती बाहेर काढली. मग ऑगस्टमध्ये लास वेगासला त्याने सगळं उलगडून सांगितलं, तेव्हा श्रोत्यांसाठी त्याच्या आजीने कुकीज केल्या होत्या. तुझी आजी असती तर तिनेही डबा भरून पाठवला असता, गं. आपल्याकडेही दोष कळवायला सर्ट-इन आहे.

आता नीट ऐक. काकूंच्या मुलाचं खरं असेल तर लॉग पुसू नकोस. काय उघडलंस, कधी, कुठल्या मशीनवरून, ते तारीखवार लिहून काढ आणि कोणी बोलवायच्या आधी आपणहून सरांकडे जा. खोटं असेल तर तेवढंच कळव, मी वहिनींना लगेच सांगते. परवानगी असेल तर तो कागद शोधून ठेव.

आणि सरांकडे एकटी जाऊ नकोस. पहाटेच्या एसटीने निघाले तर मी दुपारपर्यंत पुण्यात पोचते. केबिनमध्ये येऊ देतील तर आत येईन, नाहीतर बाहेरच्या बाकावर बसेन. दादाचं माझ्यावर सोपव. कुठला दिवस ते फक्त कळव, आणि रात्री जेवत जा.

तुझी,
आत्या