बातमी दाराशी आली

(या पाठात 'सकाळ' या दैनिकाचे संस्थापक डॉ. ना. भि. परुळेकर यांच्या कार्याची ओळख करून दिली आहे. बातमी पोहोचवण्याची साधने कशी बदलत गेली, हेही या पाठातून समजेल.)

पुणे शहरातील सदाशिव पेठ ही जुनी वस्ती आहे. येथे वाडे आहेत, शाळा आहेत, पुस्तकांची दुकाने आहेत. पेठेतील माणसांना वाचनाची फार आवड. पहाटे सायकलवरून पेपर टाकणारी मुले गल्लीबोळांतून फिरतात. चौकातील वार्ताफलकावर कोणीतरी खडूने ठळक बातमी लिहितो. येणारे-जाणारे थांबून ती वाचतात.

सदाशिव पेठेला लागूनच बुधवार पेठ आहे. तेथून 'सकाळ' हे दैनिक निघत असे. नारायण भिकाजी परुळेकर यांनी ते १ जानेवारी १९३२ रोजी सुरू केले. लोक त्यांना आदराने नानासाहेब म्हणत.

पहिले मराठी वृत्तपत्र 'दर्पण' बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत काढले. म्हणजे 'सकाळ' त्यानंतर शंभर वर्षांनी आले. मधल्या काळात 'केसरी'सारख्या पत्रांनी लोकांना जागे केले. त्या पत्रांत अग्रलेखांना मोठा मान होता. संपादकाचे मत काय, हे वाचण्यासाठी लोक पत्र घेत.

नानासाहेबांनी अमेरिकेत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतले होते. तेथील वृत्तपत्रे त्यांनी बारकाईने पाहिली. मत महत्त्वाचे आहे, पण त्याआधी वाचकाला खरी बातमी मिळाली पाहिजे, असा विचार त्यांनी केला. नळाला पाणी का आले नाही? मंडईत भाजीचा भाव काय? नगरपालिकेत काय ठरले? असे साधे प्रश्न त्यांना मोलाचे वाटत. त्यांनी गावोगावी बातमीदार नेमले. वाचकांच्या पत्रांना जागा दिली. भाषा सोपी ठेवली. त्यामुळे दुकानदार, कामगार आणि गृहिणीही पेपर वाचू लागल्या.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. हजारो घरे पडली. वेळेवर मिळालेली खरी बातमी जीव वाचवते आणि अफवा जीव धोक्यात घालते, हे अशा प्रसंगी कळते.

नानासाहेब ८ जानेवारी १९७३ रोजी वारले. त्यांच्या काळात छापखान्यात जुळारी शिशाचा एकेक खिळा जुळवून मजकूर तयार करत. उर्दू अखबारांची पाने कातिब हाताने सुंदर नस्तालिक लिपीत लिहीत. पुढे संगणक आला. १९९४ मध्ये 'इनपेज' हे उर्दू लेखनाचे साधन निघाले आणि कातिबांचे काम संगणकावर होऊ लागले. आज मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांतील बातम्या मोबाइलवर वाचता येतात. 'सकाळ'ही मोबाइलवर वाचता येतो.

पूर्वी बातमीसाठी सकाळपर्यंत थांबावे लागे. आता ती क्षणात येते. पण बातमीबरोबर अफवाही तितक्याच वेगाने येते. पूर्वी बातमी तपासण्याचे काम संपादक करत असे. आता आलेला मजकूर आपणही एका बोटाने शंभर जणांना पाठवू शकतो. म्हणून तपासण्याची जबाबदारी आपल्यावरही आली आहे. ही बातमी कोणी दिली? कोठे घडले? केव्हा घडले? दुसरीकडे ती आली आहे का? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ती पुढे पाठवू नये. साधने बदलली, तरी खरेपणाची किंमत बदललेली नाही.

शब्दार्थ
दैनिक - रोज निघणारे वृत्तपत्र
वार्ताफलक - बातम्या लिहिण्याचा फळा
अग्रलेख - संपादकाचे मत मांडणारा लेख
जुळारी - छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार
अफवा - खात्री नसलेली, पसरलेली गोष्ट

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'सकाळ' केव्हा सुरू झाले?
(आ) 'दर्पण' कोणी काढले?
(इ) उर्दू अखबारांची पाने पूर्वी कोण लिहीत?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नानासाहेबांना कोणते प्रश्न मोलाचे वाटत?
(आ) बातमी तपासण्याची जबाबदारी आपल्यावर का आली आहे?

प्र. ३. विरुद्धार्थी शब्द लिहा : जुना, सोपी, खरी.

उपक्रम : आपल्या मोहल्ल्यातील एक खरी बातमी पाच वाक्यांत मराठीत लिहा व वर्गाच्या फळ्यावर लावा. तीच बातमी उर्दूतही लिहा.