महाप्रसाद कोणी रांधावा?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळातील एक सदस्य एचआयव्हीबाधित असल्याचे कळले. सप्ताहात त्यांनी महाप्रसाद रांधू नये, असे काहीजण म्हणतात. काय करावे?
– एक विश्वस्त

उत्तर : त्यांना निःशंक रांधू द्या. एचआयव्ही अन्नातून, पंगतीतून किंवा टाळ-मृदंग हाताळल्याने पसरत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, दूषित सुई आणि आईकडून बाळाला, हेच त्याचे मार्ग. ‘भाविकांच्या जिवाचा प्रश्न आहे’ हा आक्षेप काळजीपोटी असेल, पण निराधार आहे. उलट, वाळीत पडण्याच्या धास्तीने माणसे तपासणीच टाळतात आणि उपचारांविना संसर्ग पुढे जातो. म्हणून इथे देवस्थानाचा शब्द दवाखान्याइतकाच मोलाचा. मात्र संबंधित सदस्याच्या संमतीशिवाय आजाराची वाच्यता करू नका; २०१७च्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने ती आणि भेदभाव, दोन्हींना मनाई आहे. अंगारा श्रद्धेने जरूर लावावा, पण एआरटीच्या (एचआयव्हीवरील उपचाराच्या) गोळ्या सोडायला कोणी सांगू नये. सरकारी केंद्रांत त्या मोफत मिळतात, आणि नियमित घेतल्यास विषाणू इतका दबतो की जोडीदारालाही शरीरसंबंधातून लागण होत नाही. सप्ताहात कीर्तनकारबुवांना हे व्यासपीठावरून, कोणाचेही नाव न घेता, सांगायची विनंती करा आणि १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक मंदिराच्या फलकावर लावा.