गायतोंडे कॅमेऱ्यासमोर असताना

प्रश्न : चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावर एक माहितीपट आहे असं कळलं. हा माणूस फारसा कुणात मिसळत नव्हता, बोलायचा कमी, चित्रांना नावंही देत नव्हता. अशा माणसावर फिल्म करायची तर तिच्यात दाखवायचं तरी काय? आणि आमच्यासारख्यांनी ती बघताना काय शोधायचं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहे. सुनील काळदाते यांनी १९९५ साली केलेला, साधारण अर्ध्या तासाचा. गायतोंडे तेव्हा सत्तरीला पोचले होते आणि दिल्लीत निजामुद्दीन ईस्टमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या लहानशा घरात, एकटे राहत होते. पुढे सहा वर्षांनी, ऑगस्ट २००१ मध्ये, ते गेले. त्यामुळे या फिल्मचं मोल आता नुसतं कलेपुरतं उरलेलं नाही. तो चेहरा आणि ते बसणं आपल्याला हलतं-जिवंत बघायला मिळतं.

दाखवायचं काय, हा तुमचा प्रश्न मात्र अगदी मुळाशी जातो. पिकासोवर क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९५६ मध्ये केलेली फिल्म आठवा. पिकासो कागदावर शाईने रेघ ओढतो, शाई पाठीमागे झिरपते, आणि कॅमेरा मागच्या बाजूने ती रेघ उमटताना टिपतो. बघता बघता फुलाचा मासा होतो, माशाचा कोंबडा. तिथे चित्र काढणं हीच घटना आहे, कॅमेऱ्याला आयतं खाद्य. गायतोंड्यांकडे असलं काही मिळत नाही. वर्षाला त्यांची जेमतेम पाच-सहा चित्रं होत. हातात रंग घेण्याआधी ते दिवसेंदिवस कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून असत. चित्र आधी आत तयार व्हायचं, हाताचं काम त्यानंतरचं. आता हे ‘आधी’ कुठल्या भिंगातून टिपणार?

माझं मत असं की आपण ज्याला त्यांचं गूढ म्हणतो, ते बहुतांशी आपल्या घाईतून तयार झालंय. ते काही लपवत नव्हते. कामाला जेवढी शांतता लागते तेवढी त्यांनी आयुष्यातून बाजूला काढून ठेवली आणि बाकीचं गळू दिलं. एवढंच.

शिवाय ते मुळापासून एकांडे होते असंही नाही. जन्म नागपूरचा, १९२४ चा. घराणं गोव्याचं, वाढले गिरगावात. १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेतली. प्रोग्रेसिव्ह ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटातल्या मंडळींत त्यांची ऊठबस होती. पुढे वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची कामाची जागा होती. त्या एका वास्तूत हुसेन चित्रं काढत होते, रविशंकर सतार शिकवत होते, अल्काझींची नाटकं उभी राहत होती, आणि बाहेर समुद्र. गायतोंडे त्या समुद्राकडे तासन्‌तास बघत बसत. १९५७ मध्ये टोकियोत त्यांना तरुण आशियाई चित्रकारांचा पुरस्कार मिळाला, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. हे सगळं पाहून, जगून झाल्यावर १९७२ मध्ये ते दिल्लीला गेले आणि हळूहळू माणसांतून कमी कमी होत गेले.

‘अमूर्त’ हा शब्द त्यांना आपल्या चित्रांसाठी पसंत नव्हता. ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. फरक बारीक वाटेल, पण फिल्म बघताना तो डोक्यात असू द्या. अमूर्त म्हटलं की आपण विचारतो, मूळ वस्तू कोणती होती? झाड होतं की डोंगर? गायतोंड्यांच्या चित्रात सुरुवातीलाच वस्तू नसते. मग शोधायला काय उरतं? रंग, आणि तो तिथवर कसा पोचला हे.

ते कसं, ते सांगतो. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ त्यांच्या हाताला अधिक जवळचे. रंगाचा एक पातळ थर, तो खरवडायचा, त्यावर दुसरा. नंतरच्या वर्षांत त्यांनी मासिकांचे, वर्तमानपत्रांचे कागद हाताने फाडून घेतले. असा कागदाचा तुकडा ओल्या रंगावर ठेवायचा, वरून दाब द्यायचा, उचलायचा. कागदाबरोबर थोडा रंग निघून येतो, थोडा मागे राहतो, आणि फाटलेल्या कडेची खडबडीत रेघ तिथे उमटते. लांबून बघितलं तर एखादी विसरलेली लिपी वाटते. वाचायला जावं तर अक्षर एकही नाही.

असं एक चित्र मी पहिल्यांदा मुंबईत पाहिलं तेव्हा दोन मिनिटांत पुढे सरकलो होतो. हिरवट-पिवळा रंग, मधे काही डाग, झालं. परतताना पाय दुखत होते म्हणून नेमका त्याच्यासमोरच्या बाकावर टेकलो. पाचेक मिनिटांनी तो सपाट रंग सपाट राहिला नाही. खालचे थर वर यायला लागले. पावसाळ्यात जुन्या भिंतीच्या चुन्याखालून आधीचा निळा दिसू लागतो ना, तसे. डाग त्या रंगावर काढलेले नव्हते, त्यात तरंगत होते. त्या दिवशी मला कळलं की या चित्रांना बघणाऱ्याचा वेळ लागतो, आणि तो दिल्याशिवाय ती उघडत नाहीत.

फिल्मकडे मी याच कारणासाठी वळा म्हणेन. त्यात खुलासे शोधू नका. ते बसतात कसे, गप्प किती वेळ राहतात, त्याकडे लक्ष ठेवा. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला होता. त्यानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास बंदच होते. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची लहान लहान रेखाटनं केली. पुन्हा मोठ्या चित्रांकडे वळल्यावरचे, शेवटच्या पर्वातले गायतोंडे या फिल्ममध्ये आहेत.

किमतीचं विचाराल म्हणून तेही सांगतो : डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं, आणि त्यानंतर अनेकांना ते एकदम ‘सापडले’. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं. मराठीत वाचायचं असेल तर सतीश नाईक यांनी संपादित केलेला ‘गायतोंडे’ हा ग्रंथ आहे, २०१६ चा. ज्यांनी त्यांना जवळून पाहिलं त्यांचे लेख त्यात आहेत.

फिल्म हाती लागेपर्यंत मूळ चित्र बघायची संधी मिळाली तर सोडू नका. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात त्यांची चित्रं आहेत, संस्थापक होमी भाभांच्या नजरेने तिथे आलेली. त्या संग्रहाचं प्रदर्शन कधी भरलं तर गर्दीच्या वेळी जाऊ नका. एकच चित्र निवडा आणि त्याच्यासमोर बसायला जागा आहे का ते आधी बघा.