जवसाचे तेल : ताटातले आणि रंगाच्या दुकानातले

पूर्व विदर्भात भात कापणीला येण्याआधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात जवस किंवा लाखोळी फेकून पेरतात. याला उतेरा म्हणतात. ओलिताची सोय नसलेल्या लहान शेतकऱ्यांना आणि आदिवासी कुटुंबांना त्यातून त्याच जमिनीत दुसरे पीक मिळते. जवसाच्या दाण्यात सुमारे ३५ ते ४५ टक्के तेल असते. मात्र 'जवसाचे तेल' या एकाच नावाखाली बाजारात वेगवेगळ्या वस्तू मिळतात. त्यांतला फरक आपण समजून घेऊ.

या तेलाचा मुख्य गुण एकच : ते हवेतला प्राणवायू ओढून घेते. त्याचे उपयोग आणि धोके दोन्ही यातूनच येतात.

१. खाण्याचे तेल : हे घाणीवर फार न तापवता काढतात. यात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ प्रकारच्या स्निग्धाम्लाचा असतो. हवा लागली की ते लवकर खवट होते; म्हणून थोडेच आणावे, घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत थंड जागी ठेवावे आणि चटणी-भाकरीवर वरून घ्यावे. उरलेली पेंड जनावरांना चालते.

२. कच्चे तेल (रॉ) : लाकडी सामान व क्रिकेटच्या बॅटीला लावतात. सुकायला बरेच दिवस लागतात. रंगाच्या दुकानातले हे तेल खाऊ नये.

३. बॉइल्ड तेल : नावावरून 'उकळून शुद्ध केलेले' असे वाटते, पण तसे नाही. लवकर सुकावे म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घालतात. पूर्वी शिसेही घालत. हे पोटात जाता कामा नये.

४. स्टँड तेल : हवा लागू न देता खूप तापवून घट्ट केलेले. रंग व छपाईच्या शाईत वापरतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. दारे-बाके पुसलेल्या तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते. ती बोळ्यात कोंडते आणि काडी न लावताही चिंध्या पेट घेतात. त्या पाण्यात भिजवा किंवा अंगणात एकेक मोकळ्या पसरून पूर्ण सुकू द्या.

वसतिगृहाला किंवा एखाद्या घरी तेलाचा डबा देताना त्यावर मराठीत ठळक लिहा : 'खाण्याचे' किंवा 'फक्त लाकडासाठी'. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तोंडी सांगा आणि लाकडाचे तेल स्वयंपाकघराबाहेरच ठेवा.