यंत्र आले, हात कोणाचे रिकामे झाले?



शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतल्या गल्ल्यांतून चालत गेले की मागांची खडखड कानी पडते. जवळच्या शिवारात गेले की ट्रॅक्टरचा आवाज येतो. आपल्यापैकी पुष्कळ घरांत एक पाय शेतात आणि दुसरा मागावर, कारखान्यात किंवा मजुरीच्या कामावर असतो. म्हणून यंत्राचा प्रश्न आपल्या घरचाच प्रश्न आहे. यंत्र चांगले की वाईट, असा वाद आम्ही येथे घालणार नाही. यंत्र आले म्हणजे घरातल्या कोणाचे काम प्रथम जाते, एवढेच या पाठात पाहू या.

१. मागापासून धडा

शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते. येथील हातमागाच्या साड्या दूरवर जात. हातमागावर विणकर एकटाच बसलेला दिसतो, पण त्याच्या पाठीमागे सारे घर राबत असते. घरची बाई सूत उकलते, कांड्या भरते; म्हातारी माणसे ताण्याला हात लावतात. मजुरी मात्र साडीवर मिळते आणि ती विणकराच्या हाती पडते. त्यामुळे बाकीच्यांचे काम हिशेबात दिसत नाही.

पुढे यंत्रमाग आला. आपल्या शेजारच्या इचलकरंजीत तो १९०४ सालीच पोचला होता. विजेवर चालणारे अनेक माग एकच कामगार सांभाळू लागला. कापड वाढले व स्वस्त झाले. जॉबर, सायझिंग, वाहतूक, व्यापार अशी नवी कामे निघाली. हे सर्व खरे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कांड्याही मोटारीवर भरल्या जाऊ लागल्या आणि घरबसल्या मिळणारे काम घटले. ज्याला नवे काम मिळाले तो बहुधा तरुण पुरुष होता. ज्यांचे काम गेले त्या घरच्या बायका व वयस्क माणसे होती.

गोष्ट येथे थांबली नाही. सुरतेत त्याहून वेगवान माग आले. तेथील स्वस्त साडी बाजारात आली, तेव्हा हातमागाला मागे टाकणारा आपला यंत्रमागही मागे पडू लागला. २०२० च्या टाळेबंदीत साड्या घरात पडून राहिल्या, पण कर्जाचे हप्ते थांबले नाहीत. कर्ज काढून घेतलेले यंत्र बंद पडले तरी त्याचे व्याज चालूच राहते, हे आपण तेव्हा पाहिले.

२. निपाणीपासून धडा

निपाणी तंबाखूची पेठ. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी तेथे महामार्ग अडवला. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला व शेतकरी मृत्युमुखी पडले. शेतकऱ्याचे दुःख त्या दिवशी देशाला कळले. पण त्याच तंबाखूवर वखारीत धूळ खात काम करणाऱ्या आणि घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या हजारो बायकाही होत्या. विडीची मजुरी हजारावर ठरते. एक हजार विड्या वळायला बाईचा दिवस जातो. सिगारेटचे यंत्र तेवढ्या मिनिटाच्या आत काढते.

येथे आपल्यापुढे अवघड प्रश्न उभा राहतो. तंबाखू शरीराला घातक आहे. विडीचा खप वाढावा अशी प्रार्थना आपण करू शकत नाही. पण खप घटला म्हणजे जिची चूल विझते ती बाई गुन्हेगार नव्हे. वाईट धंदा बंद व्हावा असे म्हणणाऱ्याने तिला दुसरे काम मिळवून देण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

३. शिवारातला धडा

आता आपले शेत पाहू. ट्रॅक्टर आला तेव्हा बैल व नांगरट गेली. ते पुरुषाचे काम होते. त्याने ट्रॅक्टर चालवायला शिकून घेतले. तणनाशक आले तेव्हा भांगलण गेली; ते बाईचे काम होते. तिला त्याबदली काय मिळाले? भाताला कापणी-मळणीचे यंत्र आले, तेव्हाही तेच झाले. शेतकऱ्याच्या वहीत ‘मजुरी वाचली’ असे लिहिले जाते. पण वाचलेली मजुरी कोणाच्या तरी घरचा बाजारहाट होता. पुष्कळदा ती बाई आपल्याच धर्मग्रामातली असते व रविवारी मिस्साला आपल्याच शेजारी बसते.

४. ख्रिस्तसभेची शिकवण

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य मजुरीचा व संघटनेचा हक्क मांडला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या परिपत्रकात सांगितले की भांडवलापेक्षा श्रमाचा, म्हणजे माणसाचा, मान मोठा. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महाशयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले. त्याचे मुख्य कारण त्यांनी १८९१ चे परिपत्रक हेच सांगितले. आज विचार करणारी यंत्रे निघाली आहेत व श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा उभा आहे, असे ते म्हणाले.

द्राक्षमळ्याचा दाखला आठवा. दिवस मावळायला आला तरी काही माणसे चौकात उभीच होती, कारण त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. मालकाने त्यांना आळशी म्हणून हिणवले नाही. त्याने त्यांना काम दिले, आणि दिवसभराची मजुरीही दिली.

५. आपण काय करावे?

(१) यंत्र घेण्यापूर्वी वहीत दोन रकाने आखावेत. एकात काय वाचेल ते लिहावे, दुसऱ्यात कोणाचे काम जाईल ते. घरच्या बाईच्या कामाचीही मजुरी धरावी.

(२) थोडक्या जमिनीसाठी कर्जाने ट्रॅक्टर घेऊ नये. कर्नाटकात ‘कृषी यंत्रधारे’ योजनेखाली यंत्रे भाड्याने मिळण्याची सोय केलेली आहे. रयत संपर्क केंद्रात चौकशी करावी.

(३) नवे यंत्र चालवणे व दुरुस्त करणे मुलाबरोबर मुलीलाही व सुनेलाही शिकवावे. ज्या हातांचे काम गेले त्याच हातांना प्रथम नवे काम शिकवावे.

(४) सारी मिळकत एकाच व्यापाऱ्यावर किंवा एकाच मालावर ठेवू नये. भात, भाजीपाला, रताळी, दुभते जनावर, थोडे तरी दुसरे असावे. बायकांनी बचत गटातून एकत्र माल विकावा.

(५) आरोग्य सांभाळावे. मागाच्या शेडमध्ये सतत काम करणाऱ्याचे कान हळूहळू निकामी होतात व गेलेले ऐकणे परत येत नाही. म्हणून कानात बोळे घालावेत. सुताच्या धुळीत नाकातोंडाला फडके बांधावे. सुट्टीनंतर कामावर गेल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटली, तर सर्दी समजून टाळू नये. डॉक्टरांना कामाची माहिती द्यावी. पॅराक्वाट नावाचे तणनाशक पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. ते दुसऱ्या बाटलीत कधीही ओतू नये व कुलपात ठेवावे.

घरात बोलण्यासाठी प्रश्न

१. गेल्या दहा वर्षांत आपल्या घरातले कोणते हातकाम बंद पडले? ते कोण करीत होते?
२. ती व्यक्ती आज काय करते?
३. आपल्या शेतावर पूर्वी येणाऱ्या भांगलणीच्या बायका आज कोठे कामाला जातात, हे आपल्याला माहीत आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांच्यापैकी एकीला विचारावे. बेथलेहेमच्या धान्यात मागे पडलेली कणसे वेचणाऱ्या रूथची चौकशी बवाजाने केली होती. तिच्यासाठी मूठभर कणसे मुद्दाम मागे ठेवा, असे त्याने आपल्या माणसांना सांगितले. यंत्राने कापलेल्या शेतात कणसे मागे पडत नाहीत. तेथे आपल्यालाच आठवणीने काही बाजूला ठेवावे लागेल.